उंद्री नावाची बाटली

ती बाटली मांजरीने पाडली नव्हती. मी ओतली होती. मोरीत ओतली, वरून दोन तांबे पाणी घातलं आणि रिकामी बाटली खिडकीत आडवी करून ठेवली. पुढची अठरा वर्षं, विचारील त्याला मी मांजरीचं नाव सांगत आलो. इतक्यांदा सांगितलं की शेवटी शेवटी मलाच ती मांजर खिडकीवर चढताना दिसायची.

त्या बाटलीत एका माणसाचं दीड वर्ष होतं, आणि त्याची खुर्चीही होती. खुर्चीचं मला तेव्हा माहीत नव्हतं. दीड वर्षाचं माहीत होतं, आणि हात आवरायला तेवढं पुरे होतं.

तो माणूस म्हणजे दिगंबर रंगारी. या नावाने त्यांना फक्त पगारपत्रक ओळखत असे. सगळ्या चिखलीला ते चमकभाऊ होते. तुमची त्यांची पहिली भेट झाली असती, तर त्यांनी तुमचं नाव-गाव विचारलं नसतं. डबा उघडायला लावला असता. तुमच्या वरणाचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन ते अंधाऱ्या खोलीत शिरले असते आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले असते, "बोलते. लय बोलते. वहिनीनं हयद चांगली घातली."

हळद बोलते, हे मला भाऊंनी शिकवलं. ताकावरचं पाणी बोलतं, पण हळू. दात बोलतात. ज्वारीचं पीठ पुटपुटतं. मीठ मुकं, साखर मुकी, आणि आमचे डॉक्टरसाहेब ज्या चहाशिवाय जगू शकत नसत तो चहाही जवळजवळ मुका. साधा रंग उजेड पडला म्हणून दिसतो. पण काही रंग असे असतात, की त्यांच्यावर निळा उजेड टाकला तर ते आपला स्वतःचा, वेगळाच उजेड परत देतात. भाऊंच्या भाषेत ते बोलणारे रंग. "रंग बोलला पाह्यजे, गजू," ते मला म्हणत. "नुसता अंगावर बसलेला रंग काय कामाचा बे?"

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. आमचा क्षयाचा दवाखाना एका जुन्या जिनिंगच्या गोदामात होता. पाटीवर नव्या राज्याचं नाव रंगवलेलं होतं, पण पाऊस पडला की खालचं जुनं नाव वर यायचं. गोदामातून कापूस जाऊन दहा वर्षं झाली असतील, तरी आढ्याला रुई चिकटलेली होती आणि ती दिवसभर हळूहळू खाली उतरत असायची. भाऊ तिथले तपासनीस. रोग्यांचा बेडका काचेच्या पट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे, हे त्यांचं काम. मी चोवीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली, तात्पुरता.

जंतू रंगवायची सरकारी रीत एकच होती. लाल रंग घालून पट्टी तापवायची, आम्लाने धुवायची, वरून निळा रंग द्यायचा. मग निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या शोधत बसायचं. एका पट्टीला अर्धा अर्धा तास जायचा. भाऊंना ही रीत पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं, जंतूच बोलता केला पाहिजे. काळ्याभोर अंधारात पिवळी काडी उजळली, तर शोधायचं काय उरलं? तीच आपल्याला हाक मारील.

त्यासाठी त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यात खोली केली होती. खोली म्हणजे गोणपाटाचे चार पडदे आणि पत्र्याच्या खिडकीला खिळ्याने पाडलेलं एक भोक. बाहेर न्हाव्याकडून आणलेला आरसा. त्या आरशावरून ऊन भोकातून आत यायचं आणि एका चपट्या बाटलीतून जायचं. बाटलीत मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घातलेला, गर्द निळा. त्यातून गाळून आलेला निळा झोत सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर पडायचा. पण निळाच उजेड डोळ्यात गेला तर पिवळं बोलणं त्यात बुडून जायचं, म्हणून भाऊंनी चष्म्याच्या दोन्ही काचांवर पेपरमिंटचा पिवळा पारदर्शक कागद चिकटवला होता. कागद महिन्याभरात विटायचा. दुकानदार म्हणायचा, पन्नाशीचा माणूस पोरांपेक्षा जास्त पेपरमिंट खातो.

दुपारी अकरा ते दोन ऊन कामाला यायचं. ढग आले की भाऊ चष्मा काढून ठेवत आणि जाहीर करत, "आज सूर्य रजेवर." एकदा त्यांनी हजेरीपत्रकातही तसं लिहिलं, स्वतःच्या नावाखाली. डॉक्टरसाहेबांनी ते खोडलं, पण हसत खोडलं.

रंग बनवायची त्यांची पद्धत घराण्यातली होती. उंद्रीत त्यांच्या बापाचं रंगाचं काम होतं, लुगडी आणि पागोटी रंगवायचं. मलकापूरच्या बाजारातून भाऊ रंगाऱ्यांची पिवळी भुकटी आणायचे. त्यात कार्बोलिक, कधी तुरटी, कधी हिरड्याचा काढा, कधी थोडा गूळ. सगळं उकळून, गाळून, बाटलीत भरून महिनाभर काळ्या फडक्यात. "झोपू दे त्याले," म्हणायचे. "कच्च्या झोपेतला रंग बोबडा बोलते." प्रत्येक नव्या रंगाला ते गावाचं नाव देत. मेहकर जंतूला चिकटला, पण बोलला नाही. खामगाव बोलला, पण पट्टीवरचा कचराही त्याच्यासोबत बोलू लागला. देऊळगाव तर नुसताच वास. काम भागण्यापुरता एक मिळायचा, मग त्याहून बरा सापडला की जुन्यातला उरलेला ओतून द्यायचे आणि म्हणायचे, "इथं गाडी थांबत नाही. पुढं चला." आपल्या गावचं नाव मात्र त्यांनी राखून ठेवलं होतं. जो रंग खरा, तो उंद्री.

तो सापडला विहिरीत टाकायच्या औषधामुळे. पटकीच्या दिवसांत गावोगाव विहिरींत जी जांभळी भुकटी टाकत, तिचं पाणी भाऊंनी रंगवलेल्या पट्टीवरून फिरवलं, आणि बाकीचा सगळा कचरा गप्प झाला. "पाह्य," त्यांनी मला ओढत आत नेलं आणि आपला चष्मा माझ्या नाकावर चढवला. "गर्दीले गप केलं, आता एकटा बोलून राह्यला."

मी पाहिलं. खाली काळोख होता आणि त्या काळोखात सोन्याच्या बारीक काड्या पसरल्या होत्या. कुठे एकटी, कुठे तीन-चार एकमेकींवर रेललेल्या. मी मान वर केली तर झोतात रुईचे तंतू तरंगत होते. क्षणभर मला वर कोणतं आणि खाली कोणतं, कळेना. कुणाच्या तरी छातीतला मरणाचा रोग इतका सुंदर दिसू शकतो, याची मला लाज वाटली, तरी मी डोळा काढला नाही. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर आलं होतं.

त्या दुपारी भाऊंनी चिठ्ठीवर लिहिलं, "उंद्री. हात लावू नये." आणि बाटलीला डकवलं.

आता मला त्यांचं काय खुपत होतं, ते सांगतो. ढगाळ दिवस आला की भाऊ सरकारी लाल पट्ट्या माझ्यापुढे सरकवत. "तू पाह्य बे. तुये डोये जवान हायेत." सबंध पावसाळा मीच पाहिल्या. मी निकाल लिहायचो, ते सही करत. मला वाटायचं, काम मी करतो आणि हे पेपरमिंट खातात. शिवाय त्यांचे आणखी चाळे. वहीतल्या लाल पेन्सिलीला दोरा बांधायचा, म्हणजे काय तर शकुन असेल, असं मी धरून चाललो होतो. बाजारात मिरच्या घेताना बाईलाच म्हणायचे, "तूच निवडून दे वं माय." आणि कडुलिंबाचा पाला. पाला वाटून तो स्पिरिटमध्ये घातला आणि निळ्या झोतात धरला, तर हिरवं पाणी रक्तासारखं लाल उजळतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकलो. भाऊ म्हणाले, "पाला तर मुका हाय." मी म्हटलं, मुका कसा, लालभडक दिसतोय. ते माझ्याकडे बघत राहिले. मग दर आठ-दहा दिवसांनी पाला वाटायचे आणि मला बोलवायचे. "सांग बरं, कसं दिसते?" मी वैतागून सांगायचो, लाल. "लाल म्हंजे कसं?" मला वाटायचं, माझी परीक्षा घेऊन राहिले.

मग एक दिवस डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. "गजानन, उद्या मोठे साहेब तपासणीला येताहेत. प्रयोगशाळा साफ कर. वास येणारं, सांडणारं, बिननावाचं काही दिसता कामा नये."

भाऊ त्या संध्याकाळी दाढी करायला गेले होते. साहेबांना उंद्री दाखवायचा होता. वर पसंत पडला तर लाल पट्ट्या कायमच्या बंद, असं ते दोन दिवस म्हणत होते. मी फडकं घेऊन फिरत फिरत त्या बाटलीपाशी आलो. उंद्री हे औषधाचं नाव नव्हे, गावाचं आहे. म्हणजे बाटली बिननावाची, असं मी स्वतःला समजावलं. साहेबांसमोर या पेपरमिंटच्या चष्म्यापायी आपली तात्पुरती नोकरी जाईल, ही भीती होती. आणि तिच्या खाली एक आणखी वाईट गोष्ट होती. हे खेळणं गेलं की म्हातारा कामाला लागेल, असं मला वाटलं. मी ते त्यांच्या भल्यासाठी करतोय, असंही वाटलं. मोरीतून पाणी पिवळं जात होतं तेव्हा मला बरं वाटत होतं. हे लिहायला सगळ्यात जड गेलं.

सकाळी भाऊ आले, नव्या सदऱ्यात. बाटली पाहिली. मी म्हणालो, "भाऊ, मांजरीने आडवी केली वाटतं. बूच सैल होतं."

दवाखान्यात एक करडी मांजर यायची. भाऊ चष्मा लावून खोलीत गेले आणि मला म्हणाले, "बाटली धर बरं झोतात. एका पट्टीपुरतं निघते का पाह्यतो." मी धरली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग खाली कुठेतरी पाहिलं. मग बाहेर गेले, मांजरीला उचलून आत आणलं, तिलाही झोतात धरलं आणि आपल्या चहाचं दूध तिला पाजलं. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

मोठे साहेब शांत माणूस होते. त्यांनी सोबत आणलेली एक लाल पट्टी भाऊंना वाचायला दिली. भाऊ पाऊण तास बसले. मग म्हणाले, "निरंक, साहेब."

साहेबांनी पाहिलं. मला बघायला सांगितलं. पट्टी लाल काड्यांनी भरलेली होती.

साहेबांनी विचार केला आणि खिशातून दोन पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या, एक लाल, एक हिरवी. "रंगारी, यातली लाल द्या."

त्या पेन्सिलींना दोरा नव्हता. भाऊंनी दोन्ही बोटांनी चाचपल्या, आणि हिरवी उचलून दिली.

गोदामात रुई उतरत होती. मला मिरच्या आठवल्या, पाला आठवला, सबंध पावसाळा आठवला. 

"इतके दिवस कसं केलंत?" साहेबांनी विचारलं.

"पिवयं करून पाह्यत होतो साहेब. पिवयं मले दिसते. सूर्य नसला तं या पोराले दाखवत होतो. अंदाजानं एकबी कागद लिहिला नाही."

"कुठे आहे तो रंग?"

भाऊंनी खिडकीकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, हातभर अंतरावर. तेव्हा मी बोलायला हवं होतं.

"मांजरीनं सांडला," भाऊ म्हणाले.

साहेबांनी वर्षभराच्या पट्ट्या काढल्या, त्यांवरचा पिवळा विटला होता म्हणून पुन्हा लाल रंगवून तपासल्या. एकही चूक निघाली नाही. ते हळहळले. म्हणाले, दाखवायला काही असतं तर वर लिहिता आलं असतं. नुसत्या शब्दावर, लाल न दिसणाऱ्या माणसाला इथे ठेवता येत नाही. भाऊंना आडगावच्या एका दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरायला पाठवलं. तिथे सूक्ष्मदर्शक नव्हता. मला त्यांची खुर्ची मिळाली आणि पुढच्या वर्षी मी कायम झालो. ती रिकामी बाटली मी घरी आणली आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. का, ते सांगता येत नाही.

यंदा आमच्याकडे सरकारी नवा सूक्ष्मदर्शक आला. त्याला स्वतःचा निळा दिवा आहे. सोबत रंगाच्या तयार बाटल्या आणि छापील कागद. मी कागद वाचला. पिवळा रंग, त्यात कार्बोलिक, मग वरून विहिरीच्या औषधाचं पाणी. हिरडा आणि गूळ तेवढा नव्हता. कागद हातात धरून मी किती वेळ बसलो होतो, ते सोबतच्या लोकांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, ट्रंकेतली बाटली पिशवीत घातली आणि उंद्रीच्या एस्टीत बसलो.

निवृत्तीनंतर भाऊ गावी परतले होते, एकटेच राहतात. लग्न केलं नव्हतं, हे तेव्हाही माहीत होतं. कारण विचारावं असं मला कधी वाटलं नव्हतं. मी दारात उभा राहिलो तर त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "गजू का बे? डबा आणला का?"

आणला होता. पोळी, पिठलं. ते पिठलं घेऊन आत गेले. आतल्या खोलीच्या दारालाही भोक होतं, निळी चपटी बाटली होती, पेपरमिंटचा चष्मा होता. "बोलते," आतून आवाज आला. "बायको चांगली भेटली तुले."

मी पिशवीतून ती बाटली काढून त्यांच्या हातात दिली. चिठ्ठीवरची शाई उडाली होती, पण बोटाने चाचपत त्यांनी ती ओळखली असावी. त्यांनी झोतात धरली आणि चष्मा मला दिला. बाटलीच्या गळ्यात, बुचाच्या खाली, एक केसाएवढी पिवळी रेघ उजळली होती.

"भाऊ," मी म्हणालो, "मांजर नव्हती."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तू बाटली धरली होती ना उजेडात, तुयी पाची नखं बोलून राह्यली होती. तुया डोयावर चष्मा नव्हता, तुले कसं दिसन? मंग मांजरीचे पंजे पाह्यले. ते मुके." ते थोडं हसले. "उगाच बिचारीवर आळ नको, म्हून पाह्यले."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? त्याईनं तुलेबी काढलं असतं. मंग पट्ट्या कोण पाह्यलं असतं बे? लाल दिसणारा तिथं तू एकटाच होता. बाहेर लोकं बसून राह्यले होते खोकलत."

 भाऊंनी कोनाड्यातून एक लहान शिशी आणली. हिरवं पाणी, कडुलिंबाचं. ती त्यांनी झोतात धरली आणि म्हणाले, "बापानं बारा वर्षांचा असताना रंगाच्या हौदावरून उठवलं मले. नवरीचं लुगडं लालाऐवजी भलतंच काढलं होतं. तवापासून लाल मी ऐकलेलाच हाय. तू सांगायचा, पण घाईत सांगायचा. आता सांग."

मी सांगू लागलो. चुलीतला निखारा राखेखाली जातो तेव्हा, भाऊ. नाही, तितकंही तापलेलं नाही. दिव्यासमोर हात धरला की बोटांच्या फटीत जे दिसतं, ते. आत कुठेतरी गरम, पण शांत. शिशी हलवली की ते हलतं, आणि कडेला हिरवं होऊन संपतं. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. अठरा वर्षं उशिरा सांगत होतो, म्हणून मी एकही शब्द घाईत टाकला नाही.

सांगून झालं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. ऊन सरकत होतं, झोत बारीक होत चालला होता, आणि तो जायच्या आत मला जे बोलायचं होतं ते मी बोललो.

"भाऊ, रंग मी ओतला. आळ मांजरीवर घातला. साहेबांसमोर तुमच्या शेजारी उभा असून मी मुका राहिलो. मला माफ करा."